अजून नाही

भाद्रपदात सर्दी आली, सर्दीसारखीच.
तिसऱ्या रात्री रेयांशच्या छातीत
बारीक शिट्टी वाजायला लागली,
सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी तशी.
दिवा लावून बनियन वर केलं.
बरगड्यांखाली खळगा पडत होता,
भरत होता, पडत होता.

त्या वेळेला एसटी कुठली.
सुतारांच्या बाळूनं छोटा हत्ती काढला,
मागे रिकाम्या क्रेटांत मी बसले, पोर उभं धरून,
आणि तासगाव येईस्तोवर मोजत राहिले.
मिनिटाला बासष्ट.
मोजायची सवय आहे मला.
बेदाणा निवडताना हात मोजतात,
डोळे बायकांच्या गप्पांत असतात.
त्या रात्री बोलायला कुणी नव्हतं.

तीन दिवस नाकाला नळी.
चौथ्या दिवशी त्यानं ती स्वतःच उपटली
आणि शेजारच्या खाटेवरचं केळं मागितलं.
तेव्हा मी विचारलं,
दमा म्हणायचा का, मॅडम?

लाटवडे मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"अजून नाही.
व्हायरसनं छाती वाजली. पुढच्या सर्दीला पुन्हा वाजेल कदाचित.
पुष्कळ पोरांची शाळेत जाईस्तोवर थांबते.
काहींची नाही थांबत.
तुमचा कुठला, ते आज मला कळत नाही."
घरात कुणाला?
माझ्या आईला, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

"मग अडवायचं कसं?"
"नक्की अडवेल असं औषध नाही माझ्याकडे.
असतं तर आधी तेच दिलं असतं.
पण धूर अडवता येतो.
सर्दी झालेल्यानं त्याचे मुके घेऊ नयेत, एवढं सांगता येतं.
मालक काय करतात?"

मालक गंधक लावतात.
सावळजच्या शेडवर, बेदाण्याला सोन्याचा रंग यावा म्हणून
बंद खोलीत धुरी देतात.
सकाळी दार हणमंतच उघडतो, तोंडाला टॉवेल बांधून.
घरी येतो तेव्हा तोच टॉवेल खांद्यावर,
आणि टॉवेलावर रेयांशचं डोकं.

हे मी मॅडमना सांगितलं
आणि सांगतासांगता मलाच ऐकू आलं.

चूल परसात पत्र्याखाली गेली.
उदबत्ती बंद केली, देवाला सांगून.
सासऱ्यांची विडी फाटकाबाहेर,
यावर आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.
नातवाचं नाव त्यांच्या तोंडी बसत नाही, रेवांस म्हणतात,
पण आता विडी विझवून, चूळ भरून, हात धुऊन
मगच म्हणतात.

शिट्टी वाजली की पंप.
प्लॅस्टिकच्या नळकांड्याला मी नेलपॉलिशनं डोळे काढलेत,
मास्क तोंडावर, दहा श्वास, मासा मासा म्हणत.
शेवंताकाकू म्हणाल्या, पंपाची सवय लागती गं पोरांना.
म्हटलं, लागू दे, आधी श्वासाची लागू दे.

माघात जाळ्यांवर द्राक्षं चढली.
मुकादम दारात आला. गंधकाच्या माणसाला
रोजाला शंभर जास्त, दुसरा कोण येणार?
हणमंत नखं बघत बसला.
मग म्हणाला, यंदा क्रेट उचलतो.
मुकादम हसला. एवढ्याशा खोकल्यासाठी?

शंभर रुपये असताना दिसत नव्हते.
आता रोज दिसतात,
किराणाच्या वहीत, गॅसच्या नळीत, माझ्या चपलेत.
आणि उद्या दमा निघालाच तर
हे सगळं फुकट गेलं म्हणतील का कुणी?
म्हणतील. मीसुद्धा म्हणेन एखादी रात्र.

चैत्रात पुन्हा नाक वाहिलं.
दोन वाजता बनियन वर केलं,
हणमंतानं मोबाइलचा उजेड धरला.
अडतीस.
पुन्हा मोजलं. चाळीस, पण मध्येच त्यानं कूस बदलली होती.
पुन्हा.
उजेड हलवू नको, म्हटलं.
हलतोय माझा हात, तो म्हणाला.

पहाटे चौतीस. खळगा नाही.
पोर उठलं, बापाकडं हात केले.
हणमंतानं आधी स्वतःचे तळवे हुंगले,
डावा, मग उजवा,
आणि उचललं.